घरातील ध्वनियंत्रांची थरथर: कमी खर्चाचा इलाज

फैजपूर, सावदा, यावल या पट्ट्यात बहुतेक व्यापारी आणि कारागिरांचे घर व धंदा एकाच छपराखाली असतात. पुढे दुकान किंवा शिलाईचे मशीन, मागे राहणे, वर माडीवर माल. दारासमोरून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने केळीचे ट्रक जातात. अशा घरात जुना रेकॉर्ड प्लेअर किंवा मोठे स्पीकर लावले की आवाजात घरघर येते, कुणी जिन्यावरून उतरले की सुई उडते, आवाज वाढवला की घों-घों सुरू होते. गिऱ्हाईक यंत्र उचलून मेकॅनिककडे नेतो. मेकॅनिक सुई बदलतो, तारा बदलतो, पैसे घेतो. घरी आणले की तक्रार तीच. कारण पुष्कळदा दोष यंत्राच्या आत नसतो, यंत्राच्या खाली असतो.

आम्ही कापडाचे व्यापारी आहोत. विजेची विद्या ही आमची रोजीरोटी नव्हे. परंतु वजन, माप, जाडी आणि दाबाखाली माल किती बसतो, हा आमचा रोजचा विषय आहे. आणि थरथरीचा इलाज हा सारा वजन-मापाचाच हिशोब आहे. तो समजला तर सुतार, रेडिओ मेकॅनिक, गादीवाले आणि पंक्चरवाले या सर्वांच्या हाताला त्यातून थोडेफार काम मिळू शकते. म्हणून हा धडा.

विषय लहान वाटेल, पण त्यात नुकसान मोठे होते. उडालेली सुई तबकडीवर ओरखडा पाडते आणि तो ओरखडा कायमचा असतो. आपल्या देशात तबकड्या छापण्याचा पहिला कारखाना १९०८ साली कलकत्त्यात सियालदह येथे निघाला, पुढे १९२८ मध्ये तो दमदमला गेला. तिथून निघालेल्या लाखेच्या आणि नंतरच्या प्लॅस्टिकच्या तबकड्या आजही अनेक घरांत वडिलांची आठवण म्हणून जपलेल्या आहेत. त्यांतील कित्येक पुन्हा छापल्या जाणार नाहीत. दुसरीकडे, रेकॉर्डींची मागणी जगात परत आली आहे. अमेरिकेत २०२२ साली सीडीपेक्षा रेकॉर्डींचे नग जास्त विकले गेले. १९८७ नंतर असे प्रथमच घडले. मुंबईच्या चोर बाजारात जुन्या तबकड्या आणि ग्रामोफोन शोधणारे ग्राहक येतात. म्हणजे यंत्र जुने असले तरी काम संपलेले नाही.

सुईला फरक कळत नाही

लाँग प्ले रेकॉर्डची खाच साधारण ०.०५ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. त्या खाचेच्या भिंतीत आवाजाच्या ज्या नागमोडी रेषा कोरलेल्या असतात, त्यांतील बारीक वळणे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाहूनही लहान असतात. सुई त्या वळणांवर हलते आणि त्या हलण्याची वीज होते. आता शेजारचे मशीन चालून टेबल तेवढेच हलले, तर सुईच्या दृष्टीने तोही आवाजच. खाच हलली की टेबल हलले, हे सुईला ओळखता येत नाही. अॅम्प्लिफायर दोन्ही सारखेच मोठे करतो.

अमेरिकेत एडगर व्हिल्चर नावाच्या संशोधकाने या गोष्टीवर १९६१ साली एक साधा तोडगा बाजारात आणला. त्यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये फिरणारी थाळी आणि सुईचा दांडा हे दोन्ही एकाच मजबूत पट्टीवर बसवले आणि ती पट्टी तीन स्प्रिंगांवर टांगली. हलले तर दोन्ही बरोबर हलावे, एकमेकांत फरक पडू नये, आणि खालची थरथर स्प्रिंगपाशीच अडावी, असा त्यांचा हिशोब होता. महागडा धातू नाही, अवघड कारागिरी नाही. तीन स्प्रिंगा आणि बरोबर वजन. पुढे अनेक कंपन्यांनी हीच रीत उचलली. आपण घरच्या घरी करणार आहोत ते याच रीतीने, फक्त स्प्रिंग यंत्राच्या आत न बसवता यंत्राखाली ठेवायची.

थरथर येते कुठून?

इलाजाआधी रोग ओळखावा. घरात थरथर चार वाटांनी येते.

१) जमिनीतून: चालणे, दार आपटणे, ट्रक, शिलाईचे मशीन, पिठाची चक्की, यंत्रमाग.

२) स्पीकरमधून: स्पीकर टेबलाला हलवतो, टेबल सुईला हलवते, सुई पुन्हा स्पीकरला. हे चक्र लागले की घों-घों सुरू होते.

३) हवेतून: प्लेअरचे प्लॅस्टिकचे झाकण शिडासारखे आवाज पकडते. रेकॉर्ड वाजताना झाकण काढून बाजूला ठेवावे. हा इलाज फुकटचा आहे.

४) यंत्राच्या स्वतःच्या मोटरमधून: जुन्या प्लेअरमध्ये मोटर ज्या रबरी बुशांवर बसवलेली असते, ते बुश वर्षानुवर्षांनी लाकडासारखे कडक होतात. मग मोटरची घरघर सरळ थाळीत उतरते. ही थरथर बाहेरच्या कोणत्याही स्टँडने जाणार नाही. वायर प्लगमधून काढून, मेकॅनिककडून नवे मऊ बुश बसवून आणि धुऱ्याला तेल देऊन घ्यावे.

मुख्य नियम: मऊपणा चाचपू नका, दबणे मोजा

बाजारात यंत्राखाली ठेवायच्या रबरी चकत्या, पितळी शंकू, रंगीत गाद्या मिळतात. काहींची किंमत ऐकून माणूस थक्क होतो. गिऱ्हाईक अंगठ्याने दाबून पाहतो आणि म्हणतो, छान मऊ आहे. हा अंदाज फसवा आहे. कापड हाताने चाचपून कळते, थरथर अडवणारी वस्तू कळत नाही. ती यंत्राच्या वजनाखाली किती दबते, एवढेच विचारावे.

कोणतीही लवचीक वस्तू वजनाखाली ठेवली की तिला स्वतःचा एक झोका मिळतो, जसा झाडाला बांधलेल्या झोपाळ्याला असतो. झोपाळ्याला त्याच्या तालात ढकलले तर तो वाढत जातो. त्याच्या तालापेक्षा फार जलद ढकलले तर तो जागचा हलत नाही. आपल्याला हवे ते हेच दुसरे. यंत्राचा झोका इतका संथ असावा की येणारी थरथर त्याला पेलवूच नये.

हा झोका काढण्याचे गणित सोपे आहे. वस्तू वजनाखाली जितके सेंटिमीटर दबली त्याचे वर्गमूळ काढावे आणि ५ ला त्याने भागावे. उत्तर येते ते दर सेकंदाला झोके. यालाच हर्ट्झ म्हणतात. तयार उत्तरे अशी:

१ मिलिमीटर दबले तर सेकंदाला सुमारे १६ झोके
२.५ मिलिमीटर दबले तर १०
४ मिलिमीटर दबले तर ८
१० मिलिमीटर दबले तर ५
२५ मिलिमीटर दबले तर ३ पेक्षा किंचित जास्त

रबर हलताना थोडे जास्त कडक वागते, म्हणून त्याचे खरे झोके या आकड्यांपेक्षा काहीसे वरचे धरावेत.

आता लक्षात ठेवण्याच्या तीन गोष्टी. येणारी थरथर या झोक्याच्या सुमारे १.४ पटीपेक्षा जलद असेल तरच ती अडू लागते. दुप्पट असेल तर साधारण तिसरा हिस्सा वर जातो, तिप्पट असेल तर आठवा. परंतु थरथर आणि झोका जुळले, तर ती कमी न होता उलट वाढते! चुकीची गादी ही गादी नसण्यापेक्षा वाईट असते ती यामुळेच.

आणखी एक पेच आहे. सुईचा दांडासुद्धा सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा स्वतःचा झोका घेतो. म्हणून आपल्या आधाराचा झोका ८ ते १२ मध्ये कधीही पडू देऊ नये. तो ५ च्या आसपास किंवा खाली असावा. म्हणजे दबणे १० मिलिमीटर हवे. पातळ चकती वजनाखाली एक मिलिमीटरही दबत नाही. ती मोटरची गुणगुण थोडी कमी करील, पण पावलांच्या धक्क्याला तिचा काही उपयोग नाही.

दगडाची करामत

समजा, प्लेअरचे वजन ५ किलो आहे आणि खाली ठेवलेल्या फोमच्या तुकड्यांवर तो ३ मिलिमीटर दबतो. हिशोब केला तर झोका ९ येतो. नेमका नको त्या जागी! आता प्लेअरखाली शहाबादी किंवा कडप्प्याचा तुकडा ठेवा: ४५ सेंटिमीटर लांब, ४० रुंद, अडीच जाड. त्याचे वजन सुमारे १२ किलो भरते. एकूण वजन १७ किलो झाले. तोच फोम आता सुमारे १० मिलिमीटर दबतो आणि झोका ५ वर येतो. फोम बदलला नाही, यंत्र बदलले नाही. फरशीवाल्याकडच्या कटपीसने काम केले.

मात्र फोमची जाडी पुरेशी हवी. कोणतीही लवचीक वस्तू तिच्या जाडीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाहून जास्त दाबू नये, नाहीतर ती बसते आणि तिची उसळी मरते. १० मिलिमीटर दबायचे असेल तर जाडी ४ ते ५ सेंटिमीटर हवी.

कोणते सामान चांगले?

कापूस: उपयोगी नाही. पिंजारी बांधवांना हे सांगायला नको. गादी काही वर्षांत बसते आणि कापूस पुन्हा पिंजावा लागतो. सतत वजनाखाली राहिलेल्या कापसात उसळी उरत नाही. गोधडीच्या चार घड्यांचीही तीच गत.

नमदा: लोकरीचा दाट नमदा स्पीकरखाली आणि मोटरची गुणगुण अडवायला चांगला. तो फार दबत नाही, म्हणून पावलांचा धक्का त्याने अडणार नाही.

घट्ट रबराचे ठोकळे: १७ किलोखाली ते जेमतेम दबतात. शिलाई मशीनच्या पायाखाली योग्य, प्लेअरखाली कमी योग्य.

रबर लावलेला काथ्या आणि दाट फोम: गादीवाल्याकडे यांचे कातरण निघते. उसळी चांगली, भाव कमी. वर्षातून एकदा दबणे मोजून, बसले असल्यास बदलावेत.

सायकलची ट्यूब: कमी खर्चात सर्वांत सरस. लहान मुलांच्या सायकलची ट्यूब अर्धवट हवा भरून फळीखाली ठेवली की संथ झोका मिळतो. दोष एवढाच की हवा उतरते. महिन्याला एकदा पंप मारावा लागतो. काळे रबर फरशीवर आणि पॉलिशवर डाग पाडते, म्हणून खाली जाड कापड घालावे.

पितळी शंकू आणि टोकदार पाय: हे थरथर अडवत नाहीत. ते यंत्राला जमिनीशी पक्के बांधतात. ठोस जमिनीवर जड स्पीकर डुलू नये म्हणून त्यांचा उपयोग आहे. प्लेअरची थरथर घालवतात म्हणून विकणे बरोबर नाही.

आधी जागा, मग सामान

आपल्याकडील जुन्या मातीच्या घरांच्या भिंती हात-दीड हात जाड असतात. अशा भिंतीतला कोनाडा, ज्याला आमच्या घरांत ताक म्हणतात, प्लेअरसाठी उत्तम जागा आहे. चालणाऱ्याचा धक्का जमिनीला बसतो, जाड भिंतीला फारसा बसत नाही. ताक लहान असेल तर त्याच भिंतीला लोखंडी कोन ठोकून फळी बसवावी. पण स्पीकर मात्र ताकात ठेवू नये; आवाज घुमतो.

लाकडी माडीवर यंत्र ठेवायचे असेल तर खोलीच्या मध्ये ठेवू नये. तुळयांची टोके जिथे भिंतीत गेली आहेत तिथे ठेवावे, कारण तुळई मध्यभागी जास्त लवते.

तापी खोऱ्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे खालच्या मजल्यावरही फरशी जागोजाग पोकळ होते. बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर त्या फरशीवर स्टँड ठेवू नये.

स्टँड करण्याची कृती

१) प्लेअर तराजूवर वजन करावा. डोळ्यांनी अंदाज करू नये.

२) १८ किंवा १९ मिलिमीटर प्लायवूडच्या दोन फळ्या, प्लेअरपेक्षा चारही बाजूंनी दोन बोटे मोठ्या कापाव्यात.

३) खालच्या फळीवर ट्यूब मांडावी, व्हॉल्व्ह बाहेर राहील अशी. किंवा चार कोपऱ्यांवर ५ सेंटिमीटर जाड काथ्याचे किंवा फोमचे सारखे तुकडे ठेवावेत. तुकडे कोपऱ्यांकडेच असावेत, मध्ये असले तर यंत्र डुलते.

४) वर दुसरी फळी, तिच्यावर नमद्याचा पातळ थर आणि त्यावर दगड.

५) प्लेअर ठेवण्यापूर्वी आणि नंतर पट्टीने चारही कोपऱ्यांची उंची मोजावी. फोम असेल तर दगड व प्लेअर मिळून १० मिलिमीटरच्या आसपास दबले पाहिजे. जास्त दबले तर तुकडे वाढवावेत, कमी दबले तर तुकडे लहान करावेत. ट्यूब असेल तर फळी कुठेही टेकू नये एवढीच हवा ठेवावी.

६) पाणसळ थाळीवर ठेवून सपाटी पाहावी. मोटरच्या बाजूला वजन जास्त असते, तिकडे आधार वाढवावा लागतो.

७) वायरी ताणलेल्या ठेवू नयेत. ताठ वायर ही थरथरीला पूल बांधून देते. वायरीला सैल वेढा द्यावा.

चाचणी

थाळी बंद ठेवून एक जुनी, टाकाऊ रेकॉर्ड तिच्यावर ठेवा आणि सुई हळूच टेकवा. आवाज अगदी कमी करून, मग सावकाश वाढवा. टेबलावर बोटाने हलके ठोका. स्पीकरमधून ठक्‌ असा आवाज येईल. तेवढाच आवाज ठेवून आता स्टँडसह पाहा. ठक्‌ बारीक झाला तर इलाज लागू पडला. घों-घों सुरू होताच आवाज खाली आणावा, नाहीतर स्पीकर जळण्याची भीती असते. मग दुसऱ्याला खोलीत चालायला सांगावे आणि सुईकडे पाहावे.

शिंपी आणि यंत्रमागवाल्यांसाठी

घरात शिलाईचे जलद मशीन असेल तर हिशोब सोयीचा आहे. मिनिटाला ४,५०० टाके म्हणजे सेकंदाला ७५ ठोके. ५ झोक्यांच्या स्टँडला इतकी जलद थरथर सहज अडते. मशीनच्या पायाखालीही रबराचे ठोकळे घालावेत. थरथर जिथे निर्माण होते तिथेच अडवणे केव्हाही चांगले.

यंत्रमागाचे मात्र तसे नाही. मालेगाव, भिवंडी, धुळे, बऱ्हाणपूर येथे माग आणि राहते घर एका भिंतीला लागून असतात. साधा माग मिनिटाला १५० च्या आसपास फेके मारत असेल तर ते सेकंदाला अडीच झाले. ५ झोक्यांचा स्टँड अडीचच्या हेलकाव्याला अडवू शकत नाही. फेक्याच्या खटक्यात जो तीक्ष्ण धक्का असतो तेवढा कमी होईल, मूळ हेलकावा राहील. अशा घरी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे की स्टँडने निम्मेच काम होईल. मागापासून दूरची जाड भिंत शोधा, किंवा माग बंद असताना रेकॉर्ड लावा.

टेप, सीडी आणि स्पीकर

कॅसेट डेक आणि सीडी प्लेअर यांना खाच चाळणारी सुई नसते, म्हणून त्यांना एवढा त्रास होत नाही. सीडी मोठ्या धक्क्याने अडखळते, बारीक थरथरीने नाही. मोबाईलमधून वाजणाऱ्या आवाजाला तर मुळीच नाही. त्यांच्यासाठी महागडे स्टँड घेणे म्हणजे पैसा पाण्यात.

स्पीकरची गोष्ट वेगळी. लोखंडी कपाटावर ठेवलेला स्पीकर कपाटाला वाजवतो. आत बांगड्या, बरण्या, चाव्या असतील तर त्याही वाजतात. चार कोपऱ्यांखाली नमदा किंवा रबराचे तुकडे घालावेत. शक्यतो प्लेअर आणि स्पीकर एकाच फळीवर ठेवू नयेत. निम्मा आजार एवढ्यानेच जातो. उंच स्पीकर मऊ गादीवर ठेवू नये, लहान मुलांच्या अंगावर पडण्याचा धोका असतो.

धंद्याचा हिशोब

हे काम एकट्याचे नाही. सुताराच्या फळ्या, फरशीवाल्याचा दगड, गादीवाल्याचे कातरण, पंक्चरवाल्याची ट्यूब आणि मेकॅनिकची चाचणी यांतून एक स्टँड तयार होतो. आपापल्या गावच्या भावाने सामान, मजुरी, वाहतूक आणि फुटलेल्या दगडाची तूट मांडावी, त्यावर वाजवी नफा घ्यावा. एक माप सर्वांना चालत नाही. तीन किलोच्या प्लेअरचा स्टँड दहा किलोच्या प्लेअरखाली फसतो. म्हणून वजन विचारल्याशिवाय माल देऊ नये. तयार कपड्यासारखा नव्हे, माप घेऊन शिवलेल्या सदऱ्यासारखा हा धंदा आहे, आणि मापात बसलेल्या मालाची मजुरी गिऱ्हाईक कुरकुर न करता देतो.

विक्रीपूर्वी गिऱ्हाइकाच्या घरी बोटाने ठोकण्याची चाचणी त्याच्या कानासमोर करावी, आधी स्टँडविना, मग स्टँडसह. फरक ऐकू आला नाही तर माल परत आणावा. बुश कडक झाले असतील तर स्टँड न विकता आधी बुश बदलायला सांगावे. आपल्या व्यापारात मालातला ऐब सांगून विकण्याची रीत आहे. इथे मालाची मर्यादा सांगून विकावे. ध्वनियंत्रांच्या बाजारात मोठे शब्द पुष्कळ आहेत. ज्या कारागिराच्या हातात तराजू, मोजपट्टी आणि पाणसळ आहे, त्याला मोठ्या शब्दांची गरज पडत नाही. त्याने दहा मिलिमीटर दबणे मोजून दाखवावे आणि सुई टेकवावी.